बाबांचं मत

त्या मालिकेवरून माझं आणि भावाचं भांडण अडीच महिने चाललं. मालिका दहा भागांची, दर शुक्रवारी एक भाग यायचा. भाऊ नांदेडला, मी लातूरला, म्हणून सगळं भांडण फोनवर. त्याआधीची दोन-तीन वर्षं आम्ही फोनवर फक्त बाबांबद्दलच बोलत होतो. गोळ्या संपत आल्या का, जेवले का, पोट साफ झालं का. त्यामुळे पहिल्या भागानंतर शनिवारी सकाळी भावाचा फोन आला आणि बाबांचा विषय न काढता तो वीस मिनिटं एका परदेशी मालिकेवर तावातावानं बोलला, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून ते दोन महिने भावाकडे आणि दोन महिने माझ्याकडे राहतात. भाऊ गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाला. मी चाकूरच्या पुढे एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. सकाळी लातूरहून एसटी, चाकूरला उतरून ऑटो, संध्याकाळी तेच उलटं. माझे मिस्टर जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी पुण्यात नोकरीला. घरी पोचते तेव्हा अंगात चहा टाकण्यापुरतंच बळ उरलेलं असतं. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला माझ्याकडे याहून दुसरी सबब नाही.

पुस्तक मुळात बाबांचं. बाबा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आमच्या सगळ्या भावकीत पहिली सरकारी नोकरी त्यांची. आधी बिलोली, मग भोकर. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं आणि ट्रंक कॉल जोडून द्यायचे. दुपारी कॉल कमी असायचे. बिलोलीला बदलून गेलेल्या कुणा इंजिनिअरनं टेबलाच्या खणात एक जाड पुस्तक सोडलं होतं, एका जुन्या इंग्रजी विज्ञान-कादंबरीचा मराठी अनुवाद. बाबांनी ते दुपारी थोडं थोडं करून वाचलं आणि पुढे भोकरच्या क्वार्टरमध्ये, आम्ही शाळेत जायला लागल्यावर, जेवणं झाली की आम्हाला सांगितलं. महिनाभर पुरली ती गोष्ट.

गोष्ट साधी होती. फार लांबच्या एका ग्रहावर माणसांची वस्ती आहे. पृथ्वीशी संबंध तुटलेला. वस्तीतला एक माणूस रोज यंत्रापुढे बसून पृथ्वीला निरोप धाडतो. आज काय पिकलं, कोण जन्मलं, कोण वारलं. निरोप पोचायलाच कित्येक वर्षं लागणार, हे त्यालाही माहीत असतं. लोक आधी हसतात, मग त्याला विसरून जातात. तो म्हातारा होतो. उत्तर काही येत नाही. शेवटच्या पानावर तो नेहमीसारखा त्या दिवसाचा निरोप पाठवतो आणि पुस्तक संपतं. बाबा सांगताना त्या माणसाला 'आपला आपरेटर' म्हणायचे. "आज आपल्या आपरेटरला ताप आलाय, तरीबी तो डूटीवर गेला," असं.

भावानं कॉलेजात असताना मूळ इंग्रजी पुस्तक मिळवून वाचलं, नंतरही दोनदा वाचलं. मी मराठी अनुवाद एकदाच वाचला. मला तो कोरडा वाटला होता. अख्ख्या वस्तीत एकही बाई धड दोन वाक्यं बोलत नाही. बाबांनी सांगितलेली गोष्ट मला त्यापेक्षा कितीतरी आवडायची. पण हे भावाला कधी सांगितलं नव्हतं.

मालिकेत ऑपरेटर बाई होती. तिला नवरा होता, दोन लेकरं होती, भांडखोर सासरा होता. वस्तीत दोन गट पडलेले, पाण्यावरून मारामाऱ्या, एक चोरटं प्रेमप्रकरण. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उत्तर पहिल्याच भागात आलं. पृथ्वीकडून नव्हे, भलत्याच कुणाकडून. पुढचे नऊ भाग ते उत्तर पाठवलं कुणी याच्या शोधात.

"मुडदा पाडला गं पुस्तकाचा," भाऊ फोनवर म्हणाला. "जिथं उत्तर येत नाही हीच खरी गोष्ट आहे, तिथं यांनी अर्ध्या तासात उत्तर आणलं."

"पण दहा भाग एक म्हातारा नुसता यंत्रापुढे बसलेला कोण बघणार?"

"मी बघणार."

"तू रिटायर झालायस."

तो हसला. सुरुवातीला असं हसण्यावारी जात होतं.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक गट त्याला फोनवर सापडला होता. निवृत्तीनंतर त्याचा निम्मा दिवस त्यात जायचा. तिथं मालिकेवरून सरळ दोन तट पडले, पुस्तकवाले आणि मालिकावाले. कुणी लिहायचं, दहा मिनिटांत बंद केली, डोळ्यांनी बघवेना. कुणी लिहायचं, पुस्तक आजच्या काळात कुणाच्यानं वाचवेल का. एकानं यंत्राची बटणं पुस्तकातल्यासारखी नाहीत म्हणून फोटोंवर गोल काढून पाठवले. एका बाईनं लिहिलं, मालिका बघून मी पुस्तक विकत आणलं, मला दोन्ही आवडले. तिच्यावर दोन्ही बाजूंचे लोक तुटून पडले.

भाऊ पुस्तकवाल्यांचा पुढारी झाला. मोठमोठे लेख लिहायचा आणि गटावर टाकण्याआधी मला पाठवायचा, कारण मी मराठीची बाई. "फक्त शुद्धलेखन बघ, मताला हात लावू नको," असं वर लिहिलेलं असायचं. मी एसटीत बसून त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून द्यायचे. मला न पटणारं ते सगळं माझ्याच हातून शुद्ध होऊन जायचं. तिसऱ्या का चौथ्या लेखात एक वाक्य होतं: 'माझे वडील, ज्यांनी सारी हयात टेलिफोन खात्यात घालवली, त्यांनाही ही मालिका अजिबात रूचलेली नाही.' मी 'रूचलेली'तला 'रू' ऱ्हस्व केला आणि परत पाठवलं. गटावर त्या वाक्याला पुष्कळ मान मिळाला. ज्यानं प्रत्यक्ष ते काम केलंय त्याचंच मत खरं, असं लोक म्हणाले.

पहिले पाच भाग बाबा नांदेडला होते. दोघं शुक्रवारी शेजारी बसून बघायचे. भाऊ सांगायचा, "मी म्हणलो बाबा, हे काय चाललंय? तर म्हणतात, हाव, बेकार हाय."

मालिका मला आवडत होती, यात काही मोठा विचार नव्हता. शाळेत दहावीच्या परीक्षेची गडबड, दुसऱ्या बाई रजेवर म्हणून त्यांचेही तास माझ्याकडे, बसमध्ये उभं राहून पाय सुजलेले. शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर तासभर ते लाल आभाळ, ती धूळ, आणि स्वयंपाक अर्धा टाकून यंत्रापुढे धावणारी ती बाई. एवढंच मला पुरायचं. मला वाटायचं, कुणीतरी पहिल्यांदा त्या वस्तीत राहायचं म्हणजे काय ते दाखवलं. भावाला हे सांगितलं की तो म्हणायचा, "तुला करमणूक पाहिजे." आणि मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

एका गोष्टीवर मात्र आम्हा दोघांचं पूर्ण एकमत होतं. मालिका हिंदी आवाजातही उपलब्ध होती, पण ती मूळ इंग्रजीतच बघायची, खाली अक्षरं लावून. डबिंगनं सगळी मजा जाते, आवाज तोंडाशी जुळत नाहीत, असं आम्ही दोघंही ठासून म्हणायचो. खालची अक्षरं आम्ही हिंदीत लावायचो, बाबांना वाचता यावीत म्हणून. आपण बाबांची सोय केली, असं दोघांनाही वाटत होतं.

बाबांची अदलाबदल आम्ही अहमदपूरला करतो. नांदेडहून भाऊ त्यांना घेऊन येतो, लातूरहून मी जाते, स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतो, पिशवी आणि औषधांचा डबा इकडचा तिकडं होतो. पाचव्या भागानंतरच्या रविवारी मी पोचले तेव्हा दोघं आधीच बसलेले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. मी टेकायच्या आत भाऊ म्हणाला, "सासऱ्याला मारला का नाही? मी म्हणलोच होतो."

"चांगला होता तो भाग."

"चांगला? पुस्तकात तो सासराच नाही!"

"मग बरंच झालं. नव्हताच, तर मेल्याचं दुःख कशाला?"

बाबा बशीत चहा ओतत होते. चहा बशीच्या काठावरून टेबलावर गेला, तिथून त्यांच्या धोतरावर. पोऱ्याला हाक मारून मी फडकं मागितलं. भाऊ बोलतच होता. मी फडक्यानं टेबल पुसत त्याला उत्तर देत होते. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी लागली तसं मी त्यांचा दंड धरून त्यांना चढवलं. पायरीवर ते पायानं चाचपत होते. म्हातारपण, असं मी मनात म्हटलं असेल. तेवढंही म्हटलं होतं का, आठवत नाही.

सहावा भाग बाबांनी माझ्याकडे बघितला. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून घेतली. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं हाय की."

"आवडलं?"

"हाव. चांगलं दाखवून राहिलेत."

मला लहान पोरीसारखा आनंद झाला. मी त्या गटात नुसती वाचायला होते, कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. 'माझे वडील टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांना ही मालिका आवडते आहे.' आम्ही भाऊ-बहीण आहोत हे तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. एका भल्या माणसानं खाली लिहिलं की दोन टेलिफोन ऑपरेटरांची दोन मतं ऐकायला मिळाली, दोघांनाही दीर्घायुष्य लाभो.

पाच मिनिटांत भावाचा फोन. त्याचा आवाज चढलेला होता.

"बाबांना मधी कशाला ओढलंस?"

"आधी कुणी ओढलं?"

"मी खरं लिहिलं. ते मला म्हणाले बेकार हाय."

"मला म्हणाले चांगलं दाखवून राहिलेत. तू त्यांच्या डोक्यात भरवतोस, मग ते हाव म्हणतात."

"आणि तू काय करतेस?"

मी फोन ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही फक्त निरोप लिहिले. 'बीपीची गोळी बदलली आहे.' 'ठीक.' गटावर मात्र तो लिहीत होता, मीही लिहीत होते. शुद्धलेखन आता तो दुसऱ्या कुणाकडून तपासून घेत असावा, किंवा कुणाकडूनच नाही. त्याच्या चुका दिसायच्या आणि माझा हात शिवशिवायचा.

दहावा भाग आला त्या आठवड्यात भावाला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी लातूरला यायचं होतं. वहिनीची तब्येत बरी नव्हती म्हणून तो एकटाच आला. लग्न आटोपून रविवारी दुपारी माझ्याकडे आला, तोंडात अजून विड्याचं पान होतं. मी म्हटलं, जेवण तर झालंच असेल, बस. शेवटचा भाग मी अजून बघितला नव्हता, त्यानंही नव्हता. कुणी काही ठरवलं नाही, पण टीव्ही लागला. बाबा त्यांच्या खुर्चीत, भाऊ दिवाणावर, मी मुलांच्या वह्या मांडीवर घेऊन खाली.

शेवटी ती बाई यंत्र बंद करते आणि वस्तीतल्या माणसांबरोबर चालत निघते. कुठं, ते दाखवत नाहीत. कलाकारांची नावं वर सरकायला लागली तसा भाऊ उठून बसला.

"यंत्र बंद केलं! बघितलंस? पुस्तकात मरेपर्यंत जे बंद होत नाही, ते हिनं बंद केलं!"

"तिला आता गरज नाही. माणसं आहेत तिच्यासोबत."

"तू ना, तुला काही म्हणजे काहीच..." त्यानं हात झटकला. "बाबा, तुम्ही सांगा. आज दोघं समोर आहोत. काय ते खरं सांगा."

"हो, सांगा बाबा," मी म्हटलं. "याच्यासमोर सांगा."

बाबांचा चेहरा टीव्हीकडेच होता. मग हळूच म्हणाले, "त्याला उत्तर आलं का?"

आम्हा दोघांना आधी कळलंच नाही.

"कुणाला?" भावानं विचारलं.

"आपल्या आपरेटरला. आलं का शेवटाला उत्तर?"

उत्तर पहिल्या भागात आलं होतं. ऑपरेटर बाई होती. दहा आठवडे आम्ही यांना शेजारी बसवून ही मालिका दाखवली होती, दोन घरांत, दोन टीव्हींवर, आणि दोघांनी यांचं मत जगाला सांगितलं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी वह्या खाली ठेवल्या.

"बाबा, खालची अक्षरं दिसतात का तुम्हाला?"

"खाली काय हाय?" ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. बोटं धरली आणि विचारलं किती. समोर धरली तर सांगत होते. हात खाली नेला, बाजूला नेला, की नुसते बघत राहायचे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं आठ-दहा वर्षांपूर्वी झालेली. डोळ्यांचं काम झालं, असं आम्ही सगळ्यांनी तेव्हाच धरून टाकलं होतं.

"कधीपासून असं होतंय?"

"झालं असंल वरीस. दीड वरीस."

"सांगितलं का नाही?" भाऊ ओरडलाच.

बाबा ओशाळल्यासारखं हसले. "काय सांगायचं. तू टीव्हीवर चिडायचा, मी हाव म्हनायचो. ही साळंतून यायची, तोंड उतरलेलं. तेवढा एक घंटा तिला इसावा. मी मधी मधी इचारलं आसतं तर हिनं बंद केला आसता टीव्ही." मग म्हणाले, "आनि तुमी दोघं बोलून तरी राहिला होता. न्हाई तर तुमी बोलता कुटं?"

भाऊ त्या दिवशी नांदेडला गेला नाही. सोमवारी मी शाळेत रजा कळवली आणि आम्ही बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नंबर लागायला दुपार झाली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दिवे लावून, थेंब टाकून, दाब मोजून झाल्यावर सांगितलं, काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. ऑपरेशननंतर तपासणीला येत होतात का, असं विचारलं. एकदा आलो होतो, भाऊ म्हणाला. कोणाच्या पाळीत यायचं राहिलं, ते त्यानंही काढलं नाही आणि मीही नाही.

मग नजरेची तपासणी. एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बाबांना बसवलं. हातात बटण दिलं. आम्ही मागं भिंतीला उभे होतो. यंत्र बारीक आवाज करत होतं, म्हणजे ठिपके येत होते. बाबांचा अंगठा बटणावर तयार होता, हलत नव्हता. बराच वेळ हलला नाही. मग एकदा हलला. भाऊ बाहेर निघून गेला. मी शेवटपर्यंत उभी राहिले, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"जे गेलंय ते परत येणार नाही," डॉक्टरबाई कागदावरचा काळा भाग दाखवत म्हणाल्या. "समोरचं थोडं शिल्लक आहे. तेवढं राखायचं. थेंब एक दिवस चुकवायचे नाहीत."

रविवारी विहारात जाताना बाबा वंदनेचं पुस्तक बरोबर न्यायचे. ते उघडं धरून बसायचे, सगळ्यांबरोबर म्हणायचे. पान उलटत नव्हते, हे मला त्या दिवशी घरी परतताना ऑटोत आठवलं. सगळं पाठच होतं त्यांना. मी दर रविवारी शेजारी बसत होते.

संध्याकाळी भाऊ निघाला. स्टँडवर सोडायला मी गेले. बाकावर बसून त्यानं फोन काढला, बराच वेळ अंगठ्यानं वर-खाली करत राहिला.

"बाबांचं लिहिलेलं काढून टाकतो," म्हणाला.

"राहू दे. आता कोण वाचतंय ते?"

"तू काढलंस?"

"नाही."

तो म्हणाला, "मला वाटायचं, मी पुस्तकाच्या बाजूनं भांडतोय म्हणजे बाबांच्याच बाजूनं भांडतोय."

मलाही तसंच वाटत होतं, फक्त बाजू दुसरी. बस लागली. त्यानं पिशवी उचलली आणि म्हणाला, थेंब सकाळी किती वाजता टाकशील ते कळव, बाबा माझ्याकडे आले की मीही तीच वेळ ठेवीन. गाडी जाईपर्यंत मी उभी होते. पाय इतके दुखत होते की मग तिथंच बाकावर थोडी बसले.

गट अजून चालू आहे. मालिकेचं दुसरं पर्व येणार म्हणून तिथं पुन्हा तयारी सुरू झालीय. भाऊ तिथं लिहीत नाही, मीही नाही. कुणीतरी विचारलं होतं, ते टेलिफोन ऑपरेटर आजोबा काय म्हणतात. दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.

नंतरच्या शुक्रवारी मी पहिला भाग पुन्हा लावला, या वेळी हिंदीत. आवाज तोंडाशी जुळत नव्हते, ते खरंच. पण बाबा सरसावून बसले. निजामाच्या राज्यात जन्मलेला माणूस, हिंदी-उर्दू कानाला घरच्यासारखी. पाचच मिनिटांत म्हणाले, "बाई हाय व्हय आपरेटर?"

"हो."

"आसंना. भोकरला बी नंतर एक बाई आली होती. माझ्यापेक्षा चांगलं काम करायची."

उत्तर आलं तेव्हा मात्र त्यांनी हात खाली आपटला. "येवढ्यात? आं? ह्याला काय अर्थ हाय!" मी भावाला लगेच फोन लावला आणि त्याला ते ऐकवलं. तो हसला, पण फार नाही. मग बाबा फोन आपल्या हातात घेऊन त्याला म्हणाले, "पन पुस्तकात तो येकटाच बसतो, ते बी खोटंच हाय बरं का. येक्सचेंजमदी कुनी येकटं नसतंय. च्यावाला येतो, लाइनमन येतो, मान्सं भांडत येतात. हिच्यात ते बरोबर दाखवलंय." म्हणजे अर्धं त्याच्या बाजूनं, अर्धं माझ्या. आम्हाला अडीच महिने हवं होतं ते मत शेवटी मिळालं, आणि त्याचं काय करायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

दर आठवड्याला एक भाग, एवढंच आम्ही बघतो. जास्त वेळ बसलं की बाबांची मान दुखते. आता बाबा चौथ्या भागापर्यंत आलेत. त्या भागात एक लांबलचक जागा आहे जिथं कुणीच बोलत नाही. मी तिथं पेंगले होते. शाळेत त्या दिवशी पालकसभा होती, चाकूरहून येताना बस बंद पडली होती. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"माय, आवाज गेला का?"

"नाही बाबा. कुणी बोलत नाहीये."

"मग काय दाखवून राहिलेत?"

मी डोळे चोळले. पडद्यावर आभाळ होतं, आणि खाली ती बाई उभी.

"आभाळ दाखवतायत."

"कसलं हाय?"

"लाल आहे. तांबडं म्हणा. कडेला काळपट."

"ढग हायत?"

"नाहीत. धूळ आहे."

"आनि ती?"

"ती उभी आहे. पाठमोरी."

"कुटं बघती?"

मला नीट सांगता येईना. मी रिमोटनं थांबवलं, पुढं सरकून नीट बघितलं. तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाठीवरून कळत नव्हतं. "डोंगराकडे असेल," मी म्हटलं, "तिकडं थोडा उजेड आहे." बाबांनी मान हलवली. मग मी पुन्हा चालू केलं, आणि ती बाई बोलायला लागेपर्यंत जे जे दिसत होतं ते एकेक सांगत बसले.